ब्लास्केट बेट : मैत्रीतून आलेले वाङ्मय

१३ ऑगस्ट १९०९ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोरील ग्रेट ब्लास्केट या बेटाच्या पांढऱ्या पुळणीवर दोन तरुणी समुद्रस्नानासाठी उतरल्या होत्या. एक बेटावरचीच, कॉत, ही तोमास ओ क्रिहिन या कोळ्याची मुलगी. दुसरी एव्हलीन निकोल्स, डब्लिनची पदवीधर, आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या गेलिक लीगची कार्यकर्ती. आयरिश बोलण्याचा सराव व्हावा म्हणून ती त्या उन्हाळ्यात बेटावर येऊन राहिली होती. दोघीही पाण्यात अडचणीत आल्या. वरच्या वावरात बटाटे खणणाऱ्या डोनलने, कॉतच्या भावाने, हे पाहिले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात उडी घेतली. कॉतला दुसऱ्या एका बेटवासीयाने जिवंत बाहेर काढले. एव्हलीन आणि डोनल मात्र बुडाले.

चळवळीच्या स्मृतीत एव्हलीन राहिली. डोनल राहिला तो बापाच्या पुस्तकात. वीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात तोमासने या दिवसाची हकीकत लिहिली आहे. आपल्या मुलीसोबत पोहायला गेलेली ती मुलगी गेली, म्हणून तिचे आईवडील आपल्याला दोष देतील अशी धास्ती त्याला होती. तसे झाले नाही, आणि त्या माणसांच्या थोरपणाची नोंद करायलाही तो विसरला नाही. आम्हांला ब्लास्केटच्या वाङ्मयाचा विचार या प्रसंगापासून सुरू करावासा वाटतो. कारण या बेटावरून पुढच्या काळात जी पुस्तके आली त्यांचा इतिहास बहुधा 'लोकपरंपरेचा अखेरचा बहर' किंवा 'भाषाचळवळीचे यश' अशा दोनपैकी एका मथळ्याखाली सांगितला जातो. आमच्या मते हे दोन्ही मथळे अपुरे आहेत. ही पुस्तके विशिष्ट माणसांनी विशिष्ट माणसांसाठी केलेली आहेत. ती मैत्रीतून आली, आणि त्या मैत्रीत जे असमान होते त्याच्या खुणाही त्यांच्यावर आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ग्रेट ब्लास्केट हे केरी परगण्यातील डिंगल द्वीपकल्पासमोरचे, सुमारे पाच किलोमीटर लांबीचे चिंचोळे, डोंगराळ बेट. समोरच्या किनाऱ्यावरचे गाव डन क्वीन. मधली सामुद्रधुनी पार करायची ती लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून केलेल्या हलक्या होडीतून, आणि तीही समुद्राने परवानगी दिली तर. बेटावर दुकान नव्हते, डॉक्टर नव्हता, धर्मगुरूही राहत नसे. मासेमारी, थोडी मेंढरे, बटाटे आणि सरपणासाठी कापून वाळवलेली दलदलीतली माती यांवर संसार चाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोकवस्ती सर्वांत जास्त झाली, तेव्हाही ती १८० च्या आतच होती. बोलणे सारे आयरिशमध्ये. शाळा मात्र इंग्रजी. १८३१ पासून सरकारी व्यवस्थेखाली आलेल्या प्राथमिक शाळांनी आयरिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतच अक्षरओळख दिली. त्यामुळे ज्या भाषेत माणसे जगत होती ती त्यांना लिहिता-वाचता येत नव्हती, आणि जी लिहिता येत होती तिच्यात ती जगत नव्हती.

शहरांत नेमकी उलट स्थिती होती. १८४५ नंतरचा दुष्काळ आणि त्यानंतरचे देशांतर यांनी आयरिशभाषकांचे गरीब खेडे पोखरून काढले होते. १८९३ मध्ये डग्लस हाइड, ओवेन मॅक्नील आणि त्यांचे सहकारी यांनी गेलिक लीग स्थापन केली, तेव्हा तिच्या वर्गांत येणारे बहुसंख्य लोक इंग्रजी बोलत वाढलेले होते. कारकून, शिक्षक, विद्यार्थी अशी ही मंडळी. त्यांना भाषा पुस्तकातून मिळत होती. ती कानांवर पडावी म्हणून पश्चिमेकडे जाणे भाग होते. अशा रीतीने पश्चिम किनारा आणि त्यासमोरची बेटे ही या मंडळींची तीर्थक्षेत्रे झाली. अॅरन बेटांवर जे. एम. सिंग १८९८ पासून जाऊ लागला. १९०५ मध्ये तो ब्लास्केटलाही येऊन गेला. त्याच्यामागून इतर आले.

'तीर्थक्षेत्र' हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. यात्रेकरूला देव हवा असतो, पुजाऱ्याच्या घरी चूल पेटली की नाही हे त्याच्या लक्षात येतेच असे नाही. चळवळीच्या लोकांना बेटावर शुद्ध, अस्पर्श भाषा दिसली. बेटवासीयांना तीच भाषा दारिद्र्याची आणि बोटीने अमेरिकेला जाताना निरुपयोगी ठरणारी अशी दिसत होती. त्या परिसरात उन्हाळी पाहुण्यांना 'ला ब्रा' असे थट्टेचे नाव पडले होते. त्याचा अर्थ 'छान दिवस'. येणाऱ्याला तेवढे दोनच शब्द धड म्हणता येत, आणि पाऊस कोसळत असला तरी तो ते म्हणे. या थट्टेत विखार नाही, पण अंतराची अचूक जाणीव आहे. छान दिवस कोणाचा, हा प्रश्न त्या नावात दडलेला आहे.

हे अंतर ज्यांनी ओलांडले त्यांची गोष्ट निराळी. १९०७ मध्ये कार्ल मार्स्ट्रांडर हा तरुण नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ बेटावर आला आणि काही महिने राहिला. बेटवासीयांनी त्याला 'लोखलानख', म्हणजे उत्तरेकडचा दर्यावर्दी, असे नाव ठेवले. कधीकाळी याच किनाऱ्यांवर लुटीसाठी येणाऱ्या लोकांचे हे नाव एका नम्र, विद्याव्यासंगी पाहुण्याला मिळावे यात गंमत आहे. तो शिकला तोमास ओ क्रिहिनकडून. रोज ठरावीक वेळ गुरू आणि शिष्य समोरासमोर बसत. गुरू पन्नाशी ओलांडलेला कोळी, शिष्य युरोपीय विद्यापीठांत तयार झालेला पंडित. तोमासने यापूर्वीच, चाळिशीच्या सुमारास, आपली भाषा वाचायला शिकण्यास प्रारंभ केला होता. हवा बिघडली की डन क्वीनमध्ये अडकून पडावे लागे; तिथल्या घरांतल्या मुलांना शाळेत तोवर आयरिश शिकवले जाऊ लागले होते, आणि त्यांच्या पुस्तकांतून तो अक्षरे लावू लागला. हा तपशील आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. 'निरक्षर लोकप्रतिभा' या कल्पनेत तोमास बसत नाही. पंडित येण्याआधीच तो वाचक होऊ लागला होता.

मार्स्ट्रांडर पुढे डब्लिनमध्ये आयरिश शिकवू लागला. त्याच्याकडे शिकायला आलेल्या रॉबिन फ्लॉवर या इंग्रजाला त्याने ब्लास्केटची वाट दाखवली. फ्लॉवर ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तलिखितांच्या विभागात काम करी. १९१० मध्ये तो प्रथम बेटावर आला, पुढे पत्नीला आणि मुलांनाही घेऊन येऊ लागला. बेटाने त्याच्या आडनावाचे भाषांतर करून त्याला 'ब्लाहीन' म्हटले: लहानसे फूल. तोमासने सांगितलेल्या जुन्या गोष्टी आणि आठवणी त्याने उतरवून घेतल्या. 'अन तिलानख' या तोमासच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर १९३४ मध्ये केले. १९४४ मध्ये 'द वेस्टर्न आयलंड' हे स्वतःचे पुस्तक लिहिले. १९४६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा ब्लास्केटवर विखुरण्यात आली.

नावे देण्याच्या या रिवाजाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. पाहुणा वहीत बेटवासीयांची नोंद करत होता, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या वह्या आज ग्रंथालयांत आहेत. पण त्याच वेळी बेटही पाहुण्याची नोंद करत होते. ज्याला नाव मिळाले तो मोजला गेला, घरचा झाला, त्याच्याविषयी चेष्टा करण्याची सोय झाली. 'ला ब्रा' हे समूहाचे नाव होते. 'ब्लाहीन' हे एका माणसाचे. संशोधक आणि त्याचा विषय या नात्याचा मित्र आणि मित्र या नात्यात केव्हा बदल झाला, हे शोधायचे असेल तर आम्ही या नावांकडे बोट दाखवू.

परंतु ज्याच्यामुळे तोमास लेखक झाला तो पंडित नव्हता. ब्रायन ओ केली हा किलार्नी गावचा तरुण. आयरिश सुधारावी म्हणून १९१७ मध्ये बेटावर आला. त्याला तिथे पाठवणारा पाड्रिग ओ शियोख्रू हा गेलिक लीगचा जुना प्रचारक, 'अन शौक' म्हणजे 'ससाणा' या टोपणनावाने लिहिणारा. ओ केली त्या वर्षी बेटावर दीर्घकाळ राहिला आणि तोमाससोबत वाचन-लेखनाला बसला. तोमासजवळ जुन्या गोष्टी होत्या, गाणी होती. आजवर आलेल्या प्रत्येकाने त्या मागितल्या होत्या. ओ केलीने दुसरेच काही मागितले: तुझे स्वतःचे आयुष्य लिही. कोळ्याच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय असणार, ही तोमासची शंका दूर करण्यासाठी त्याने दोन पुस्तके त्याला वाचून दाखवली. एक पिएर लोतीची ब्रिटनीच्या कोळ्यांवरची कादंबरी, 'आइसलंडचा कोळी'. दुसरे मॅक्झिम गॉर्कीचे 'माझे बालपण'.

आमच्या दृष्टीने आधुनिक आयरिश गद्याच्या इतिहासातील हा मोठाच क्षण आहे. युरोपच्या पश्चिम टोकाच्या एका झोपडीत एक फ्रेंच कादंबरी आणि एक रशियन आत्मचरित्र वाचले जाते, आणि ते ऐकणारा साठी ओलांडलेला माणूस मनाशी ठरवतो की असे असेल तर मलाही सांगता येईल. ब्लास्केटच्या वाङ्मयाला 'अस्पर्श' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. त्यावर स्पर्श झाला होता, आणि तो नेमक्या ठिकाणी झाला होता. लोकसाहित्याचा संग्राहक आपल्या समोरच्या माणसाला परंपरेचे भांडार मानतो. भांडारातून वस्तू घ्यायची असते. भांडाराला स्वतःचे मन असते याची त्याला फारशी गरज नसते. ओ केलीने तोमासला समकालीन मानले, गॉर्कीच्या रांगेत बसवले. मैत्रीचा अर्थ तरी याहून वेगळा काय आहे?

ओ केली बेटावरून गेल्यावरही लेखन थांबले नाही. तोमासने त्याच्यासाठी रोजच्या घडामोडींची टिपणे लिहून टपालाने पाठवण्यास प्रारंभ केला. बेटाचे टपाल डन क्वीनला नेण्या-आणण्याचे काम ज्याला सारे 'राजा' म्हणत त्या पाड्रिग ओ कहान याच्याकडे होते. राजाच्या होडीतून कोळ्याची पाने मित्राकडे जात. याच पानांतून १९२८ मध्ये 'आलगर ना हिनिशा', म्हणजे 'बेटावरच्या गप्पा', हे पुस्तक झाले, आणि १९२९ मध्ये 'अन तिलानख', म्हणजे 'बेटावरचा माणूस'. या लेखनाचे बळ ज्यांनी ते वाचले आहे त्यांना सांगायला नको. मोजके शब्द, वर्णनाची हाव नाही, दुःखाचे प्रदर्शन नाही. मुले एकामागून एक गेली, त्यातला एक कड्यावरून पडून गेला, हे तो जितक्या वाक्यांत सांगतो तितक्यांत दुसरा लेखक प्रस्तावनाही पुरी करणार नाही. हा संयम स्वभावातला आहेच. पण आम्हांला असेही वाटते की ऐकणारा ओळखीचा आहे, त्याने ते घर पाहिले आहे, त्या पुळणीवर तो चालला आहे, म्हणून पुष्कळ काही सांगण्याची गरजच उरलेली नाही. मित्राला लिहिलेल्या पत्रात आपण आपल्या अंगणाचे वर्णन करत नाही.

पुढे ओ केली आयर्लंड सोडून युरोपात गेला. जाण्यापूर्वी त्याने सारी हस्तलिखिते ससाण्याच्या हवाली केली. १९३६ मध्ये, ऐन उमेदीत, तो युगोस्लाव्हियात वारला. आयरिश भाषेतील एका अभिजात ग्रंथाला कारण झालेल्या या माणसाने स्वतः नाव घेण्यासारखे पुस्तक मागे ठेवले नाही. असे लोक वाङ्मयेतिहासात तळटिपेत जातात. आम्हांला ते योग्य वाटत नाही.

आता श्रोता बदलला. ससाण्याने संपादक म्हणून निष्ठेने आणि कष्टाने काम केले. त्याच्याविना पुस्तक निघालेच नसते. परंतु तो नव्या राष्ट्राच्या वतीने वाचत होता. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य स्थापन झाले होते, आयरिश ही शाळाशाळांतून शिकवायची भाषा झाली होती, आणि पुस्तक तरुणांच्या हाती जाणार होते. त्याने पुनरुक्ती काढली, आणि त्यासोबत देहधर्माचे मोकळे उल्लेख, तरुण पोरींच्या दांडगाईचे प्रसंगही काढले किंवा सौम्य केले. उलट बाजूने, बेटावरची घरे कशी असतात हे बाहेरच्या वाचकाला कळावे म्हणून तोमासकडून एक प्रकरण नव्याने लिहून घेतले. आज सर्वांना ठाऊक असलेला शोकात्म समारोपही मूळ लेखन संपल्यानंतर, ससाण्याच्या सूचनेवरून लिहिला गेला. शॉन ओ क्विलान यांनी २००२ मध्ये हस्तलिखितावरून नवी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वगळलेले पुष्कळसे पुन्हा वाचकांसमोर आले; २०१२ मध्ये तिचे संपूर्ण इंग्रजी भाषांतरही निघाले.

या दोन श्रोत्यांतील फरक अभ्यासकांनी बारकाईने पाहावा असे आम्ही सुचवू. मित्रासाठी लिहिताना तोमास एका चालत्या आयुष्याची हकीकत सांगतो. त्यात भांडणे आहेत, दारू आहे, हशा आहे, बाजारातला तोटा आहे. राष्ट्रासाठी लिहिताना त्याच्याकडून मृत्युलेख मागितला गेला, आणि त्याने तो अप्रतिम लिहून दिला. पुढच्या पिढ्यांनी लक्षात ठेवला तो मृत्युलेख. बेटावर माणसे राहत असतानाच बेट संपल्याची कविता पाठ होऊ लागली. एखाद्या समाजाला त्याच्या हयातीत स्मारक बांधून देणे ही गौरवाची गोष्ट आहे की सुटका करून घेण्याची, याचा विचार व्हायला हवा.

दुसऱ्या पिढीतील मैत्री अधिक बरोबरीची होती. जॉर्ज थॉमसन हा लंडनचा मुलगा, केंब्रिजमध्ये ग्रीकचा विद्यार्थी. गेलिक लीगच्या लंडन शाखेत आयरिश शिकलेला. फ्लॉवरच्या सांगण्यावरून तो १९२३ मध्ये, विसाव्या वर्षी, ब्लास्केटला आला आणि 'शोरशा' झाला. तिथे त्याला मुरिश ओ सुल्लावान भेटला, वय एकोणीस. मुरिशची गोष्टही सरळ नव्हती. आई लहानपणीच गेल्याने तो डिंगलमध्ये इंग्रजी बोलत वाढला आणि सातव्या वर्षी बेटावर परतल्यावर आयरिश शिकला. म्हणजे भाषा बाहेरून येऊन आपली केलेले दोन तरुण एकमेकांना भेटले होते. 'मूळ भाषक' आणि 'शिकाऊ' या काटेकोर वर्गवारीला या मैत्रीने प्रारंभीच तडा दिला आहे.

बेटावरच्या त्या वयाच्या प्रत्येकासमोर एकच रस्ता होता: अमेरिका, बहुधा मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड. थॉमसनने मुरिशला तो घेऊ दिला नाही. त्याच्या आग्रहाने मुरिश १९२७ मध्ये आयरिश पोलीस दलात शिरला आणि कॉनेमारात नेमला गेला. १९२९ मध्ये तोमासचे पुस्तक आले, ते वाचून त्यानेही लिहिण्यास घेतले. थॉमसनने नंतर नमूद केले आहे की मुरिशने ते स्वतःच्या आनंदासाठी आणि बेटावरच्या आपल्या माणसांच्या करमणुकीसाठी लिहिले. थॉमसनने हस्तलिखितावर संस्कार केले, आणि १९३३ मध्ये 'फिहे ब्लियन एग फास', म्हणजे 'वाढीची वीस वर्षे', प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मोया लुएलिन डेव्हिस आणि थॉमसन यांचे इंग्रजी भाषांतर ई. एम. फॉर्स्टरच्या प्रास्ताविकासह निघाले. बेटावरचा पोर लंडनमध्ये वाचला जाऊ लागला.

मित्राने अडवले नसते तर हे पुस्तक नसते, हे खरे. पण पुढचे आयुष्य पाहिले की प्रश्न पडतो. पुस्तकाच्या यशानंतर, १९३४ मध्ये, मुरिशने पोलीस दल सोडले. लेखणीवर घर चालले नाही. त्याच्या पुढच्या आत्मचरित्रात्मक भागाला प्रकाशक मिळाला नाही. १९५० मध्ये तो पुन्हा नोकरीत शिरला आणि त्याच वर्षी गॉल्वेजवळ समुद्रात बुडून गेला. थॉमसनने मधल्या काळात गॉल्वेच्या विद्यापीठात आयरिश माध्यमातून ग्रीक शिकवण्याचा प्रयोग केला होता. १९३४ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि पुढे बर्मिंगहॅममध्ये ग्रीकचा प्राध्यापक झाला. होमरची मौखिक परंपरा काय असेल हे आपल्याला ब्लास्केटच्या चुलीपाशी कळले, असे तो सांगे. त्याच्या पुढच्या ग्रीकविषयक विवेचनात बेट सतत डोकावते. ही कृतज्ञता खोटी नव्हती. तरीही हिशेब मांडला तर एका मित्राला ज्ञान, पद आणि दीर्घायुष्य मिळाले, दुसऱ्याला एक सुंदर पुस्तक. आम्ही हे थॉमसनवर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. त्याने मुरिशसाठी जे केले ते फार थोडे मित्र करतात. मैत्री दोन माणसांना एका बाकावर बसवू शकते. ते बाक ज्या घरात आहे त्याचे छप्पर दुरुस्त करणे तिच्या हाती नसते, इतकेच.

स्त्रियांच्या वाट्याला आलेली मैत्री आणखी निराळी. पेग सेयर्स डन क्वीनकडची; १८९२ मध्ये लग्न होऊन बेटावर आली. तिच्या कथनाची ख्याती ऐकून फ्लॉवर आणि त्याच्यामागून आलेले अनेक अभ्यासक तिच्या चुलीपाशी बसले. केनेथ जॅक्सनने तिच्या तोंडून ऐकलेल्या कथांचा संग्रह १९३८ मध्ये काढला. आत्मचरित्र सांगण्याचा आग्रह मात्र डब्लिनहून येणाऱ्या स्त्रियांचा होता. पेगला आयरिश लिहिता येत नव्हते. तिने सांगितले, मुलगा मिहॉलने उतरवून घेतले, मॉरे नी ख्यनेडा या गेलिक लीगमधल्या शिक्षिकेने संपादन केले आणि १९३६ मध्ये 'पेग' निघाले. पुढे अनेक दशके ते शाळांतून सक्तीने नेमले गेले. परिणाम व्हायचा तोच झाला: परीक्षेसाठी पेग वाचलेल्या पिढ्यांना ती रडगाणे गाणारी म्हातारी म्हणून आठवते. ज्यांनी तिला प्रत्यक्ष ऐकले त्यांच्या नोंदींत ती खळखळून हसणारी, वाह्यात बोलालाही न बिचकणारी बाई आहे. मैत्रिणींसमोर सांगितलेली गोष्ट पाठ्यपुस्तक झाली की सांगणारीचे काय होते, याचा हा धडा शिक्षकांनी तरी विसरू नये.

या साऱ्या व्यवहारावर सर्वांत तिखट टीका आयरिशमध्येच झाली. मायल्स ना गोपालीन या नावाने लिहिणाऱ्या ब्रायन ओ नोलनने १९४१ मध्ये 'अन बेल बोख्त' हे विडंबन प्रसिद्ध केले. त्यात शहरी भाषाप्रेमी पश्चिमेकडे येतात, भाषेच्या गौरवावर न संपणारी भाषणे करतात, आणि उपाशी गावकरी नाचता नाचता कोसळतात. एक पंडित अंधारात डुकराचे गुरगुरणे अस्सल आयरिश समजून टिपून नेतो. वाचकांच्या ध्यानात यावे की ओ नोलनला 'अन तिलानख'विषयी अपार आदर होता. त्याचा रोख तोमासवर नव्हता. तोमासचे अनुकरण करणाऱ्यांवर आणि तोमासच्या दारिद्र्याला भाषाशुद्धीचे प्रमाणपत्र मानणाऱ्यांवर होता. प्रेमाने वाचणाऱ्यालाच असे विडंबन जमते.

आणि वास्तव विडंबनाच्या फार मागे नव्हते. तरुण बोटीने जात राहिले, लग्ने थांबली, १९४१ मध्ये मुलांअभावी शाळा बंद झाली. पेगनेही १९४२ मध्ये बेट सोडले. १९४७ च्या जानेवारीत एक तरुण मेंदुज्वराने गेला. खवळलेल्या समुद्रामुळे ना डॉक्टर येऊ शकला ना धर्मगुरू. त्याच वर्षी वादळात अडकलेल्या बेटवासीयांनी अन्न धाडा म्हणून पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली. डी व्हॅलेरा स्वतः गेलिक लीगच्या वर्गांतून आयरिश शिकलेले; त्या उन्हाळ्यात ते बेटावर येऊनही गेले. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी उरलेल्या लोकांना मुख्य भूमीवर हलवण्यास आरंभ झाला. तेव्हा बेटावर अवघी २२ माणसे होती. ज्या राज्याने बेटाची भाषा शाळांत नेली त्याला बेटावर एक भरवशाचा धक्का बांधून देता आला नव्हता.

मग या मैत्रींचे मोल काय धरायचे? त्यांनी बेट वाचवले नाही. पुस्तके वाचवली, एवढे म्हणून भागत नाही. पुस्तक हे माणसांचा मोबदला होऊ शकत नाही. परंतु या नात्यांत बेटवासी केवळ देणारे नव्हते, हेही विसरता येणार नाही. चाळिशीत अक्षरे शिकणाऱ्या तोमासला, नव्या पुस्तकाने चेतलेल्या मुरिशला, मुलाला मजकूर सांगणाऱ्या पेगला काही हवे होते, आणि ते त्यांनी मिळवले. त्यांना वाचक हवे होते. आपली भाषा शेतात आणि होडीत जशी चालते तशी कागदावरही चालते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. पाहुण्यांपैकी ज्यांना हे कळले ते मित्र झाले, बाकीचे छान दिवस म्हणून परत गेले. भाषाचळवळींचा इतिहास लिहिताना आपण ठराव, संस्था आणि अभ्यासक्रम मोजतो. या बेटावर भाषेचे जे काही टिकाऊ झाले ते मात्र दोन खुर्च्या, एक चूल आणि 'तुझे सांग' असे म्हणणारा एक माणूस एवढ्यातून झाले.

एव्हलीन निकोल्सला असे म्हणण्याइतका अवकाश मिळाला नाही. ती जगली असती तर ओ केलीच्या आधी तिनेच तोमासला वही दिली असती की काही उन्हाळ्यांनंतर येणे सोडून दिले असते, याचा तर्क करणे व्यर्थ आहे. आपल्या हाती आहे ते तोमासचे लेखन. पुत्रशोक सांगताना त्याने तिच्या आईबापांचा शोकही त्याच पानावर सांगितला. बटाट्याच्या वावरातून धावत सुटलेल्या मुलाने तिला आपल्या बहिणीहून परकी मानले नव्हते. बापानेही मानली नाही.